फोडून पाहणाऱ्यांच्या प्रतीक्षेत

ऑगस्ट २०१८ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय मानके व तंत्रज्ञान संस्थेने, म्हणजे आमच्या क्षेत्रात सगळे जिला निस्ट म्हणतात त्या संस्थेने, लहान उपकरणांसाठीच्या एन्क्रिप्शनचे नवे मानक ठरवण्याकरिता जगभरातून रचना मागवल्या. त्या वेळी मी युरोपातील एका विद्यापीठात पीएच.डी.च्या पहिल्या वर्षाला होते. सममित क्रिप्टोग्राफी, म्हणजे पाठवणारा आणि घेणारा या दोघांकडे एकच गुप्त किल्ली असते ती पद्धत, हा माझा विषय होता. आमच्या गटाने प्रवेशिका पाठवायचे ठरवले आणि पुढची काही वर्षे माझे काम, माझ्या ओळखी, इतकेच काय, माझ्या प्रबंधाची प्रकरणेसुद्धा त्या स्पर्धेने ठरवली. आमची रचना दुसऱ्या फेरीपर्यंत पोहोचली आणि तेथे थांबली. तिचे नाव मी येथे देत नाही. अशा स्पर्धेत उतरलेली माणसे एकमेकांसाठी किती राबतात आणि त्यांना एकमेकांकडून नेमके काय हवे असते, एवढेच मला सांगायचे आहे, आणि ते सांगायला नावाची गरज नाही.

मागणी साधी दिसत होती. शेतात लावलेला सेन्सर, दाराचे कार्ड, शरीरात बसवलेले वैद्यकीय उपकरण यांच्याकडे मेमरी अगदी थोडी असते आणि एकच बॅटरी वर्षानुवर्षे पुरवायची असते. २००१ पासून एन्क्रिप्शनचे मानक असलेली एईएस ही पद्धत अशा ठिकाणी चालते, पण जड जाते. निस्टला हवी असलेली रचना संदेश झाकणारी, वाटेत कोणी फेरफार केला तर तो पकडणारी आणि हे दोन्ही कमीत कमी जागेत व ऊर्जेत करणारी असायला हवी होती. किल्ली किमान १२८ बिटांची असावी आणि रचना फोडायला किमान २ चा ११२ वा घात इतके गणन लागावे, अशा अटी होत्या. प्रवेशिकेची शेवटची तारीख होती २५ फेब्रुवारी २०१९.

पहिल्याच बैठकीत आमच्या प्राध्यापकांनी फळ्यावर काही लिहिण्याआधी या रीतीचा इतिहास सांगितला. १९७७ मध्ये अमेरिकेने डीईएस हे एन्क्रिप्शनचे मानक स्वीकारले. ते आयबीएममध्ये तयार झाले होते, त्यात तेथील राष्ट्रीय सुरक्षा यंत्रणेचा हात होता आणि रचनेमागची कारणे गुप्त ठेवली गेली होती, त्यामुळे त्यात चोरवाट ठेवली असेल हा संशय पुढे अनेक वर्षे फिटला नाही. १९९७ मध्ये त्याच्या जागी नवे मानक, म्हणजे पुढचे एईएस, शोधायची वेळ आली, तेव्हा निस्टने दारे उघडी ठेवली : कोणीही रचना पाठवावी, सगळ्यांच्या रचना सगळ्यांनी वाचाव्यात, आणि जिला कोणी फोडू शकणार नाही तिच्यातून निवड व्हावी. ऑगस्ट १९९८ मध्ये कॅलिफोर्नियातील व्हेंचुरा येथे पंधरा रचना मांडल्या गेल्या. त्यातली मॅजेंटा ही जर्मनीच्या डॉइच टेलिकॉमची रचना सादर झाल्यावर काही तासांतच त्याच परिषदेतील सहा जणांनी तिच्यावरचा हल्ला, म्हणजे ती फोडायची रीत, लिहून काढला. त्या सहांमध्ये एली बिहाम आणि लार्स क्नुडसेन होते, ज्यांची सर्पंट ही रचना स्पर्धेत होती, आणि ब्रूस श्नायर व नील्स फर्ग्युसन होते, ज्यांची टूफिश स्पर्धेत होती. प्रतिस्पर्धीच परीक्षक, ही गोष्ट मला तेव्हा विचित्र वाटली होती. प्राध्यापकांच्या मते सगळी पद्धत तिच्यावरच उभी होती. दुसऱ्याची रचना फोडायची खरी तळमळ आणि खरी कुवत ज्यांच्याकडे आहे अशी माणसे जगात थोडी असतात, आणि तीच माणसे स्वतः रचनाही करतात.

प्रवेशिकेचे काम बाहेरून दिसते त्यापेक्षा फार निराळे असते. गणित आमच्याकडे बऱ्यापैकी तयार होते. खरा वेळ गेला तो ते दुसऱ्याला वाचता यावे असे लिहिण्यात. प्रत्येक निर्णयाचे कारण द्यावे लागते. हा स्थिरांक हाच का, आवर्तने, म्हणजे सरमिसळीच्या फेऱ्या, एवढ्याच का, बिटांची सरमिसळ या क्रमानेच का. एखादा आकडा कारण न सांगता ठेवला तर वाचणारा त्यात लबाडी शोधणार हे गृहीत धरायचे असते, आणि त्याने तसे शोधावे हेच योग्य असते. त्याखेरीज प्रत्येकाने सहीनिशी काही गोष्टी लिहून द्यायच्या होत्या : रचना आपलीच आहे, तिच्यावर पेटंटचा हक्क आहे की नाही, आणि या कामाचा मोबदला अमेरिकी सरकारकडून मिळेल असे नाही याची आपल्याला जाणीव आहे. आमच्या विद्यापीठाच्या कार्यालयातील बाईंनी तो कागद काळजीपूर्वक वाचून विचारले की एवढी मेहनत करून तुम्ही ते फुकट का देत आहात. प्राध्यापकांनी त्यांना शांतपणे समजावले की पैसे आकारले जाणारे मानक लहान उपकरणे बनवणारे लोक वापरणारच नाहीत, आणि जे कोणी वापरत नाही त्याला मानक म्हणण्यात अर्थ नाही.

गणिताइतकाच प्रोग्रामही महत्त्वाचा होता, आणि तेथे मला आठवला तो माझा अभियांत्रिकीचा वर्गमित्र. तो पुण्यात एका कंपनीत मायक्रोकंट्रोलरसाठी कोड लिहायचे काम करीत असे. क्रिप्टोग्राफीशी त्याचा संबंध नव्हता, पण सहा-आठ किलोबाइटांत संसार कसा करायचा हे त्याला आमच्यापेक्षा कितीतरी चांगले कळत होते. मी फोनवर उत्साहाने सुरक्षेची सिद्धता सांगू लागले, तेव्हा त्याने मध्येच थांबवले. "अगं, ते गणित मागाहून सांग. रॅम किती खाणार ते बोल आधी." मी आकडा सांगितला. थोडा वेळ तो काही बोलला नाही, मग म्हणाला, "दोन पर्म्युटेशनांच्या मध्ये तुम्ही ही जी प्रत काढून ठेवता ना, ती काढावीच लागणार नाही असं काहीतरी कर. बाकी मी बघतो." पर्म्युटेशन म्हणजे बिटांची सरमिसळ करणारी पायरी. त्या एका वाक्याने आमच्या रचनेचा एक कोपरा बदलला, आणि तो बदल गणितालाही मानवला. ऑफिसमधून घरी आल्यावर, जेवण उरकून, तो रात्री असेंब्ली, म्हणजे थेट प्रोसेसरच्या आज्ञांतला कोड, लिहीत बसायचा. माझ्याकडे तेव्हा संध्याकाळ असायची.

निस्टने ठरवून दिलेली चाचणीची फाइल मला आजही डोळ्यांसमोर दिसते. संदेशाची लांबी शून्यापासून बत्तीस बाइटांपर्यंत आणि सोबत न झाकता जाणाऱ्या उघड माहितीची लांबीही शून्यापासून बत्तीसपर्यंत, म्हणून तेहतीस गुणिले तेहतीस, अशा १०८९ नोंदी. प्रत्येक नोंदीत किल्ली तीच, शून्य शून्य, शून्य एक, शून्य दोन अशी चढत्या क्रमाने जाणारी. पहिल्या नोंदीत संदेशही रिकामा आणि उघड माहितीही रिकामी असते, त्यामुळे उत्तरात फक्त खातरजमेचा टॅग, म्हणजे फेरफार पकडण्यासाठी जोडलेले काही बाइट, उरतो. काहीही पाठवलेले नसताना यंत्राने काय म्हणावे, इथपासून तपासणी सुरू होते. पुण्याहून आलेल्या असेंब्लीची फाइल आणि आमच्या सी प्रोग्रामची फाइल शेजारी ठेवून मी तुलनेची आज्ञा दिली, आणि पडद्यावर काहीच उमटले नाही, म्हणजे दोन्ही फाइली तंतोतंत सारख्या निघाल्या. मी त्याला कळवले. त्याने एवढेच लिहिले, "झोपतो मग."

१८ एप्रिल २०१९ रोजी पहिल्या फेरीतील ५६ रचना जाहीर झाल्या. कोलकात्याच्या भारतीय सांख्यिकी संस्थेतील संशोधकांची नावे त्यातल्या अनेक प्रवेशिकांवर होती, आणि भारतातून या क्षेत्रात किती भक्कम काम होते हे ती यादी पाहताना युरोपातील माझ्या सहकाऱ्यांनी बोलून दाखवले. मला त्याचा मनापासून अभिमान वाटला.

त्यानंतर जे सुरू झाले त्याची कल्पना मला कोणी दिली नव्हती. काहीच घडेना. ५६ रचना, प्रत्येकीचे दस्तऐवज कित्येक पानांचे, आणि ते खोलात शिरून वाचू शकणारी माणसे जगभरात फार तर काहीशे. त्यातल्या बहुतेकांना स्वतःच्या रचनेचा बचावही करायचा होता, शिवाय शिकवणे, पेपर तपासणे, संसार हे सगळे होतेच. काही रचनांवर पहिल्या आठवड्यांतच हल्ले प्रसिद्ध होऊ लागले. आमच्यावर कोणी चकार शब्द काढत नव्हते. सुरुवातीला आम्हाला ते बरे लक्षण वाटले, मग हळूहळू त्याची चिंता वाटू लागली. रचनेवर हल्ला नाही याचे दोन अर्थ होतात : ती भक्कम आहे, किंवा तिच्याकडे कोणी पाहिलेलेच नाही. बाहेरून हे दोन्ही अगदी सारखे दिसतात. निस्टच्या मोजक्या लोकांना निवड करायची होती, आणि ज्या रचनेकडे कोणी पाहिलेले नाही तिच्यावर कोट्यवधी उपकरणांचा भार टाकण्याचे धाडस जबाबदार माणूस करणार नाही. अशा स्पर्धेत सर्वांत दुर्मिळ वस्तू कोणती असेल तर ती जाणकार माणसाचे एकाग्र लक्ष. ते मागून मिळत नाही, विकत मिळत नाही, आणि ज्याच्याकडे ते आहे तो ते कोणाला देईल हे त्याच्या कुतूहलावर अवलंबून असते.

म्हणून आम्ही आमचे लक्ष दुसऱ्यांना द्यायचे ठरवले. मी आणि जपानमधील एक सहकारी मिळून इतरांच्या रचना वाचू लागलो. त्यात एक रचना अशी आली की तिच्यात खोटा संदेश खरा म्हणून खपवता येतो असे आम्हाला दिसले. कागदावर दिसलेली गोष्ट प्रोग्राममध्ये उतरवली, त्यांनीच दिलेल्या कोडवर चालवली, आणि त्यांच्याच कोडने आमचा बनावट संदेश स्वीकारला. त्या क्षणी आनंद झाला हे मी नाकारत नाही. या विषयातल्या कोणालाही तो होतो. पण पाठोपाठ मनात आले की या रचनेमागे दोनच माणसे आहेत, फारशा नामांकित नसलेल्या विद्यापीठातली, आणि या कामात त्यांचीही निदान एक-दोन वर्षे गेली असणार. प्राध्यापकांनी आम्हाला आधी त्यांनाच खासगीत लिहायला सांगितले, आठवडाभराची मुदत द्यायला सांगितले, आणि पत्रात एकही विशेषण असता कामा नये असे बजावले. आम्ही तसेच लिहिले : हा संदेश, हा टॅग, तुमच्या कोडची ही ओळ, आमची समजूत चुकली असल्यास कृपया सांगावे. दोन दिवसांनी उत्तर आले. त्यांनी हल्ला मान्य केला होता, आमच्या प्रोग्राममधला एक अनावश्यक भाग दाखवून हल्ला त्याहून सोप्या रीतीने करता येतो हे सांगितले होते, आणि त्यांची रचना एवढ्या बारकाईने वाचल्याबद्दल आभार मानले होते. स्वतःच्या रचनेवरचा हल्ला सुधारून देणारी ती माणसे. त्या पत्रामुळे मी या क्षेत्रात राहिले असे म्हटले तरी चालेल.

या बाबतीत आमच्या क्षेत्रात काही उदाहरणे नव्या विद्यार्थ्यांना आवर्जून सांगितली जातात. २००९ मध्ये नव्या हॅश मानकाची, म्हणजे कोणत्याही मजकुराचा ठरावीक लांबीचा ठसा काढण्याच्या पद्धतीची, स्पर्धा चालू असताना रॉन रिव्हेस्ट यांच्या गटाची एमडी६ ही रचना शर्यतीत होती. पुरेसा वेग गाठायचा तर आवर्तने कमी करावी लागत होती, आणि कमी केली तर एका महत्त्वाच्या हल्ल्यापासूनच्या बचावाची सिद्धता टिकत नव्हती. कोणी ती फोडली नव्हती, तरीही सिद्धतेशिवाय पुढे जाणे योग्य नाही हे गटाने स्वतःहून जाहीर केले. दुसरे उदाहरण अलीकडचे आणि अधिक जिव्हारी लागणारे. क्वांटम संगणकापुढे टिकणाऱ्या पद्धती निवडण्याच्या निस्टच्या उपक्रमात सायक ही रचना २०१७ पासून होती आणि जुलै २०२२ च्या आरंभी ती चौथ्या फेरीत पोहोचली होती. त्याच महिन्याच्या अखेरीस बेल्जियममधील ल्यूवेन विद्यापीठाच्या वाउटर कास्ट्रिक आणि थॉमस डेक्रू यांनी तिच्यावरचा हल्ला प्रसिद्ध केला. सायकची सर्वांत लहान आवृत्ती साध्या संगणकाच्या एका कोअरवर सुमारे तासाभरात फुटत होती. हल्ल्याचा गाभा १९९७ मधील शुद्ध गणितातील एका प्रमेयात होता. सायकच्या गटाने पळवाट न शोधता आपली पद्धत असुरक्षित असून ती वापरू नये असे स्पष्ट लिहिले. एक दशकाहून अधिक काळ ज्या कल्पनेवर काम केले तिच्याविषयी असे वाक्य लिहिताना त्या माणसांना काय वाटले असेल, याचा विचार मी अनेकदा करते. पण ते वाक्य त्यांनीच लिहिले म्हणून त्यांच्या पुढच्या कामावर सगळ्यांचा विश्वास आहे.

३० ऑगस्ट २०१९ रोजी दुसऱ्या फेरीसाठी ३२ रचना निवडल्या गेल्या. अवघ्या चार महिन्यांत २४ बाद झाल्या. आमची राहिली, आम्ही जिच्यावर हल्ला केला होता ती गेली. नोव्हेंबरमध्ये मेरीलँडमधील गेथर्सबर्ग येथे निस्टच्या आवारात कार्यशाळा झाली, आणि कागदावरची नावे पहिल्यांदा चेहरे होऊन समोर आली. त्या बाद झालेल्या रचनेच्या दोन लेखकांपैकी एकजण आले होते. रचना शर्यतीत नसताना ते खर्च करून एवढ्या लांब का आले, असा प्रश्न मला पडला होता. चहाच्या वेळी ते स्वतःच माझ्याकडे आले आणि आमच्या रचनेच्या एका भागाविषयी प्रश्न विचारू लागले. त्यांनी ती वाचली होती, समासात टिपणे केलेली छापील प्रत त्यांच्या हातात होती. सात महिन्यांत आमची रचना इतकी नीट वाचलेला मला भेटलेला तो पहिला माणूस.

आमच्यावरचा पहिला मोठा हल्ला २०२० च्या सुरुवातीला आला. दुसऱ्या खंडातील दोन विद्यार्थ्यांनी मसुदा पाठवला होता आणि आम्ही काही महिन्यांपूर्वी जी ओळ लिहिली होती जवळजवळ तीच त्यांनी लिहिली होती : आमची समजूत चुकली असल्यास कृपया सांगावे. हल्ला डिफरेन्शियल पद्धतीचा होता. मोजक्याच बिटांत फरक असलेल्या दोन संदेशांपासून निघायचे आणि तो फरक एकेका आवर्तनातून कसा पसरत जातो त्याचा माग काढायचा, अशी ती पद्धत. त्यांनी दिलेला मार्ग पहिल्या आवर्तनात एकाच एस-बॉक्समधून, म्हणजे बिटांचे छोटे गट बदलणाऱ्या तक्त्यातून, जात होता, पुढच्यात तिहींमधून, मग पसरत पसरत मध्यावर पुन्हा आक्रसत होता. तो आक्रसणारा भाग पाहून आम्ही थक्क झालो, कारण इतका काटकसरीचा मार्ग आमच्या स्वतःच्या शोधात सापडला नव्हता. त्यांनी शोधाचे समीकरणच निराळे मांडले होते. मी मार्गाचा आरंभीचा भाग घेतला, यादृच्छिक किल्ल्या निवडून कोट्यवधी जोड्या यंत्रावर चालवल्या आणि किती जोड्या त्यांनी सांगितलेल्या फरकाने बाहेर पडतात ते मोजले. आकडा त्यांच्या अंदाजाशी जुळला. एकूण आवर्तनांच्या निम्म्याहून थोडा अधिक भाग त्या हल्ल्याच्या टप्प्यात येत होता, त्यापुढे मात्र तो जात नव्हता.

रचनेवर हल्ला झाला म्हणून गटात आनंद व्हावा हे बाहेरच्या माणसाला समजावणे अवघड आहे. पण त्या दिवशी आम्हाला जे मिळाले ते आम्ही स्वतः कितीही राबलो असतो तरी मिळाले नसते : दोन बुद्धिमान, परक्या माणसांनी महिनोन्‌महिने आमच्या रचनेत तोंड खुपसून ती कुठवर जाते हे मोजून दिले होते. आता उरलेली आवर्तने ही नुसती आमची सावधगिरी नव्हती, तो मोजलेला बचाव होता. आम्ही त्या दोघांना सविस्तर उत्तर लिहिले, त्यांच्या एका संभाव्यतेच्या गणनेत थोडी सुधारणा सुचवली आणि हल्ला शक्य तितक्या लवकर प्रसिद्ध करण्याची विनंती केली.

पाठोपाठ महासाथ आली. पुढची कार्यशाळा, ऑक्टोबर २०२० मधली, पडद्यावरच झाली आणि चहाच्या वेळच्या गप्पा संपल्या. त्या काळात ज्यांनी स्पर्धा चालू ठेवली त्यांत कोणतीही रचना स्पर्धेत नसलेली माणसे होती. ऑस्ट्रेलियातील रीस वेदरली यांनी दुसऱ्या फेरीतील रचना एकामागून एक हाताने, काळजीपूर्वक लिहून लहान प्रोसेसरांवर चालवल्या आणि सगळ्यांना खुल्या केल्या. अमेरिकेतील जॉर्ज मेसन विद्यापीठाच्या गटाने हार्डवेअरवरच्या मोजमापांचे मोठे काम केले. माझा पुण्याचा मित्र वेदरली यांचा कोड वाचून एका संध्याकाळी म्हणाला, "या माणसानं आपला कोड माझ्यापेक्षा नीट लिहिलाय गं, आणि त्याला काही घेणं नाही न देणं." त्याने मग त्यातली एक युक्ती उचलली, आणि आमच्याकडची एक सुधारणा त्यांना कळवली.

बाद होणाऱ्या रचनांवर घातलेले कष्ट वाया जातात असे जे मानतात त्यांना मी मिक्सफीडचे उदाहरण देते. बिस्वजित चक्रवर्ती आणि मृदुल नंदी यांची ही रचना दुसऱ्या फेरीत होती आणि तिच्यात एईएसची किल्ली पसरवण्याची रीत, म्हणजे एका किल्लीतून प्रत्येक आवर्तनासाठी वेगळी किल्ली काढण्याची रीत, पुन्हा पुन्हा चालवली जात असे. मुस्तफा खैराल्ला यांना असे आढळले की काही किल्ल्या या पुनरावृत्तीत अपेक्षेपेक्षा फार लवकर मूळ जागी परत येतात. असे का व्हावे हे कोणाला सांगता येईना. मग गायतां ल्यूराँ आणि क्लारा पर्नो यांनी त्याचा छडा लावताना एईएसच्या किल्ली पसरवण्याच्या रीतीत दडलेली एक संरचना शोधून काढली, आणि ते काम २०२१ च्या युरोक्रिप्ट परिषदेत मांडले गेले. मिक्सफीड पुढे गेली नाही. पण जगातील सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या एन्क्रिप्शनविषयी वीस वर्षांत कोणाला न दिसलेली गोष्ट दिसली ती केवळ कोणीतरी एक नवी रचना मांडली आणि दुसऱ्या कोणीतरी ती मन लावून तपासली म्हणून.

या सगळ्यात एक गोष्ट मला मनापासून खटकत राहिली आणि ती मी येथे नोंदवते. स्पर्धेचे वेळापत्रक आणि विद्यार्थ्याचे आयुष्य यांचा मेळ बसत नाही. पीएच.डी.चा पगार तीन-चार वर्षे मिळतो, स्पर्धा त्याहून लांबते, आणि दुसऱ्याची रचना तपासून काहीच सापडले नाही तर त्यावर पेपर निघत नाही. मानक ठरवणाऱ्याला मात्र 'एवढ्या दिशांनी प्रयत्न केला, हाती काही लागले नाही' हेच ऐकायचे असते. जपानमधील माझ्या सहकाऱ्याने एका रचनेवर असे कित्येक महिने घातले, त्याची टिपणे आमच्याकडे पडून आहेत, आणि नोकरीसाठी अर्ज करताना त्यातली एक ओळही त्याला दाखवता आली नाही. तो आता या क्षेत्रात नाही. अशा निष्फळ प्रयत्नांच्या नोंदी छापण्याची आणि त्यांना श्रेय देण्याची व्यवस्था स्पर्धा भरवणाऱ्यांनी करायला हवी, असे माझे ठाम मत आहे.

२९ मार्च २०२१ रोजी अंतिम दहा रचना जाहीर झाल्या आणि त्यांत आमची नव्हती. दुसऱ्या फेरीचा निस्टचा अहवाल जुलैमध्ये आला. त्यातला आमच्याविषयीचा मजकूर मी आधी घाईने आणि मग सावकाश वाचला. त्या दोन विद्यार्थ्यांच्या हल्ल्याचा उल्लेख होता, त्याने रचनेच्या दाव्यांना बाध येत नाही हेही होते. निवडलेल्या दहांविषयी वाचताना फरक कळत होता : त्यांच्यापैकी अनेकींवर बाहेरच्या लोकांनी केलेल्या कामाचा ढीग होता, आमच्यावर मोजकेच काम होते. मला निर्णय योग्य वाटला. वाईट वाटायचे ते वाटलेच, पण निकालाविषयी माझ्या मनात कोणतीही शंका नव्हती, आणि हीच या पद्धतीची मोठी ताकद आहे.

७ फेब्रुवारी २०२३ रोजी निस्टने ॲस्कॉनची निवड केली. ऑस्ट्रियातील ग्रात्स येथे मूळ असलेली ही रचना क्रिस्टोफ डोब्राउनिग, मारिया आइशल्सेडर, फ्लोरियान मेंडेल आणि मार्टिन श्लेफर यांनी २०१४ मध्ये सीझर नावाच्या आधीच्या स्पर्धेसाठी पहिल्यांदा मांडली होती आणि २०१९ मध्ये त्या स्पर्धेच्या अंतिम यादीतही ती होती. म्हणजे निवड झाली तेव्हा तिच्यावर जवळजवळ नऊ वर्षांचे परक्यांचे लक्ष जमा झालेले होते. आम्हाला जे मिळवता आले नाही ते नेमके हेच.

नोव्हेंबर २०२४ मध्ये ॲस्कॉनच्या मानकाचा मसुदा सूचनांसाठी खुला झाला. आमचा गट तोवर पांगला होता; मी दुसऱ्या विद्यापीठात शिकवू लागले होते, प्राध्यापक निवृत्तीला आले होते. तरीही मी, पुण्याचा मित्र आणि गेथर्सबर्गला भेटलेले ते गृहस्थ, असे तिघे मिळून मसुदा वाचायला बसलो. ॲस्कॉनच्या मूळ प्रस्तावात बाइटांचा क्रम एका बाजूने होता आणि मसुद्यात तो दुसऱ्या बाजूने घेतलेला होता, त्यामुळे जुन्या कोडवरून नवा लिहिणारा कुठे अडखळेल हे मित्राने एकेक ओळ चालवून पाहिले. संदेशाचा शेवटचा अपुरा तुकडा, म्हणजे ब्लॉक, कसा भरायचा त्याचे वर्णन त्या गृहस्थांनी तपासले. मी टॅग लहान करण्याच्या अटींचा भाग घेतला. आमच्या सूचना फेब्रुवारी २०२५ च्या मुदतीआधी गेल्या, आणि ऑगस्टमध्ये अंतिम मानक प्रसिद्ध झाले तेव्हा मित्राने त्याच रात्री त्यातली रचना आपल्या बोर्डवर चालवून मला वेळेचे आकडे पाठवले.